कपाटाबाहेरचा कायदा

२०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. तालुक्यातल्या एका गावाहून एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकचे फोल्डर काढले आणि कागद एकेक करून टेबलावर मांडले. सातबाऱ्याचे दोन उतारे, वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि शेवटी मोबाइलवरून छापून घेतलेला एका निकालाचा गठ्ठा. तो गठ्ठा भावाने दिला होता. “वाच, सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, तुला हिस्सा नाही,” असे म्हणून.

निकाल खरा होता. प्रकाश विरुद्ध फुलवती, ऑक्टोबर २०१५. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि मुलगी मुलासारखीच जन्माने सहहिस्सेदार ठरली. पण त्या तारखेला वडील हयात असतील तरच मुलीला हा हक्क मिळेल, असे त्या निकालात म्हटले होते. बाईंचे वडील १९९९ साली गेलेले. त्यात बाईंचे लग्न १९९० चे. महाराष्ट्राने १९९४ साली केलेल्या स्वतःच्या दुरुस्तीत २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, तीही आडकाठी भावाने कोणाकडून तरी ऐकून ठेवली होती. भावाने काही बनावट केलेले नव्हते. त्याने शोधले, सापडले, छापले, बहिणीच्या हातात ठेवले.

राहिले ते एवढेच, की ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात हे मत फिरवले होते. मुलीचा हक्क जन्माने येतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, आणि लग्न कधी झाले यालाही महत्त्व नाही. पाहायचे असते ते हे की २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर वाटप किंवा विक्री होऊन गेली आहे का. त्या घरात वाटप झालेलेच नव्हते. भावाच्या हातातला निकाल वर्षभरापूर्वीच निकालात निघाला होता, आणि त्याच्या फोनने ते त्याला सांगितले नव्हते.

ज्या पुस्तिकेची ही प्रस्तावना, ती कशासाठी, याचे उत्तर मला त्या टेबलावर मिळाले. कायदा फुकट सापडण्याचे दिवस आले आहेत. आता सापडलेले तपासायचे कसे, हे नांदगावसारख्या तालुक्यात घरोघरी माहीत व्हायला हवे.

आधी कपाटाबद्दल बोलतो, कारण माझ्या पिढीच्या वकिलांचे अर्धे आयुष्य कपाटाशी गेले. मी काळा कोट घातला तेव्हा तालुक्याच्या बार रूममध्ये निकालांच्या खंडांची काचेची दोन कपाटे असत. निकालांचे अहवाल इंग्रज सरकारने इंडियन लॉ रिपोर्ट्स या नावाने १८७६ पासून छापायला घेतले. १८९९ मध्ये बॉम्बे लॉ रिपोर्टर निघाला. नागपूरचा ऑल इंडिया रिपोर्टर, म्हणजे कोर्टात सगळे ज्याला ‘ए.आय.आर.’ म्हणतात तो, याच्या खंडांवर १९१४ पासूनची साले आहेत. ज्याच्या कपाटात हे सगळे सलग, तो मोठा वकील. तालुक्याच्या कपाटात मात्र सलग काहीच नसे. वर्गणी भरली त्या वर्षांचे खंड, मग पोकळी, मग पुन्हा दोन-तीन वर्षे. समोरच्या वकिलाने सायटेशन, म्हणजे निकाल कुठल्या खंडात कुठल्या पानावर आहे तो संदर्भ, दिले आणि ते नेमके पोकळीतल्या सालाचे निघाले की तारीख मागायची, पहाटेची गाडी पकडायची आणि शंभर किलोमीटरवर नाशिकला जाऊन कोणाच्या तरी ओळखीने ते पान वाचायचे. एकदा मला तारीख मिळाली नाही. प्रतिपक्षाने वाचून दाखवलेला उतारा खरा होता, पण पुढच्याच परिच्छेदात न्यायमूर्तींनी त्याला अपवाद सांगितला होता. तो परिच्छेद मी वाचला तेव्हा हुकूम होऊन तीन आठवडे झाले होते. माझ्या पक्षकाराचा बांध त्या तीन आठवड्यांत नांगरला गेला. हे मी अजून विसरलेलो नाही.

कपाटाचे कुलूप कसे उघडले, तो इतिहास फार थोड्यांना ठाऊक आहे. न्यायाधीशाने दिलेला निकाल कोणाच्या मालकीचा? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ सांगते की न्यायालयाचा निकाल छापणे हा स्वामित्वहक्काचा भंग नाही, न्यायालयाने स्वतः मनाई केली असेल तेवढे सोडून. तरीही प्रकाशक म्हणत, आम्ही निकाल तपासतो, परिच्छेदांना क्रमांक देतो, वर सारांश लिहितो, तेव्हा ही प्रत आमची. लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीने सीडीवर निकाल विकणाऱ्या दोन कंपन्यांवर दावा लावला. ते प्रकरण ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक म्हणून ओळखले जाते. १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवाडा केला. निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा. संपादकाने स्वतःच्या बुद्धीने घातलेली भर, जसे की हेडनोट आणि परिच्छेदांची मांडणी, तेवढी त्याची. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ४ जानेवारी २००८ रोजी, सुशांत सिन्हा या संगणकशास्त्रज्ञाने ‘इंडियन कानून’ नावाचे शोधयंत्र सुरू केले. दोन तारखा जवळ येणे हा योगायोग आहे, पण आज तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहून एखादा ज्युनियर फोनवर निकाल काढतो तेव्हा त्याच्या बोटाखाली या दोन्ही तारखा असतात.

परदेशात ही चळवळ आधी उभी राहिली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९९२ मध्ये, ऑस्ट्रेलियात दोन विद्यापीठांनी मिळून १९९५ मध्ये कायदा फुकट उघडा केला, आणि २००२ मध्ये माँट्रियलला अशा संस्थांनी जाहीरनामाच केला की कायद्याची माहिती ही मानवजातीची सामाईक ठेव आहे. आपल्याकडे सरकार आणि न्यायालये मागाहून आली, पण आली ती भरघोस. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ‘ई-एससीआर’ उघडले, तेव्हा पहिल्याच दिवसापासून सुमारे ३४,००० निकाल अधिकृत प्रतीत, विनामूल्य. ई-कोर्ट्सच्या निकाल-शोध पानावर सगळ्या उच्च न्यायालयांचे निकाल शब्द टाकून शोधता येतात. ‘इंडिया कोड’वर केंद्राचे आणि राज्यांचे कायदे दुरुस्त्यांसह आहेत. एकेकाळी बेअर अॅक्टसाठी, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मजकुरासाठी, दर दुरुस्तीला नवे पुस्तक घ्यावे लागे, तो खर्च वाचला.

आता नांदगावकडे येतो. आपल्याकडची भांडणे कशावरून होतात? पाणी, बांध, रस्ता, वाटप, नोंद. यातली निम्मी दिवाणी कोर्टात येतच नाहीत, ती तहसील कचेरीत चालतात. आणि महसुली कायद्याबद्दल जितके ऐकीव बोलले जाते तितके फौजदारीबद्दलही बोलले जात नाही. शेतरस्त्याचेच घ्या. वहिवाटीचा रस्ता होता आणि शेजाऱ्याने काटे टाकून तो अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. शेताला रस्ताच नाही आणि दुसऱ्याच्या हद्दीवरून, बांधावरून नव्याने मागायचा आहे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. अर्ज दोन्हींचा तहसीलदाराकडेच, त्यामुळे लोकांना ते एकच वाटतात. पण पहिल्यात मुदत आहे: अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत यावे लागते. “बघू, गावात मिटतंय का,” म्हणत आठ महिने काढलेला शेतकरी कलम ५ खाली येतो आणि परत जातो. ही दोन्ही कलमे मिळून दीडेक पान मजकूर आहे. तो ‘इंडिया कोड’वर आहे, महसूल विभागाच्या पानावर आहे, कुठलाही पैसा न देता. सहा महिन्यांच्या आत ते दीड पान वाचले जावे, एवढ्यासाठी जरी ही पुस्तिका कामी आली तरी मला पुष्कळ आहे.

शासन निर्णयांचे पान तर प्रत्येक शेतकऱ्याने आणि सरपंचाने ओळखीचे करून घ्यावे. राज्य सरकारचा प्रत्येक जी.आर. तिथे विभागवार, तारखेवार लागलेला असतो आणि त्याच्यावर एक संगणक सांकेतांक छापलेला असतो. व्हॉट्सअॅपवर फिरणारा ‘नवा जी.आर.’ खरा की खोटा, हे तो आकडा तिथे टाकून दोन मिनिटांत कळते. मात्र एक गोष्ट मनात पक्की ठेवायची. जी.आर. हा कायद्याच्या खालचा. कायदा एक म्हणतो आणि शासन निर्णय त्याविरुद्ध म्हणतो असे झाले तर कायदा चालतो. कचेरीच्या खिडकीवर हे बोलायला धीर लागतो, पण कागद हातात असला की धीर येतो.

सातबारा तर आता सगळ्यांच्याच फोनवर आहे. ‘महाभूलेख’वर पाहणे फुकट, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपयांत, आणि ‘आपली चावडी’वर फेरफाराच्या नोटिसा घरबसल्या दिसतात, म्हणजे हरकतीची मुदत निघून जाण्याआधी बाहेरगावच्या बहिणीलाही कळू शकते. पण उताऱ्यावर नाव आले म्हणजे मालकी आली, ही समजूत चुकीची आहे. जमीन महसूल संहितेचे कलम १५७ म्हणते की अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानायची, ती खोटी ठरेपर्यंत. नोंद हा पुरावा आहे, हक्क नव्हे. तलाठ्याच्या एका ओळीने बहिणीचा हिस्सा बुडत नाही आणि भावाचा वाढतही नाही.

कोर्टात चालू असलेल्या केसची माहिती काढणे आता सोपे झाले आहे, तरी त्यात एक अडचण रोज येते. प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा सी.एन.आर. क्रमांक असतो. तो असला की ई-कोर्ट्सच्या अॅपवर पुढची तारीख, रोजनामा, हुकूम, सगळे समोर येते. क्रमांक नसला तर नावाने शोधावे लागते, आणि नावे रोमन लिपीत टाइप केलेली असतात. ‘वाघ’ हे व्हीने की डब्ल्यूने? ‘छाया’मध्ये एच एक की दोन? ‘पाटील’मध्ये आय एक की ई दोन? एक आजोबा तीन महिने समजत होते की आपला दावा काढून टाकला गेला, कारण नातवाला नाव सापडत नव्हते. आडनावाची पहिली तीनच अक्षरे टाकली, साल टाकले, आणि केस समोर आली. तारीख चार दिवसांवर होती. म्हणून दावा दाखल झाला त्या दिवशीच सी.एन.आर. लिहून घ्या, आणि तो फोनमध्ये ठेवण्याबरोबर घरातल्या वहीत, रेशन कार्डाशेजारी ठेवा.

उच्च न्यायालयाच्या निकालांबद्दल आपल्या तालुक्यापुरती एक खास गोष्ट. न्यायडोंगरी आपल्याकडे, नाशिक जिल्ह्यात. तिथून रेल्वेने पुढे गेले की चाळीसगाव, ते जळगाव जिल्ह्यात. माती तीच, कपाशी आणि मका तोच, सोयरीक एकमेकांत. पण न्यायडोंगरीच्या शेतकऱ्याचे प्रकरण हायकोर्टात गेले तर मुंबईला, आणि चाळीसगावच्या शेतकऱ्याचे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. २०२३ पासून निकालांना जो तटस्थ क्रमांक (न्यूट्रल सायटेशन) मिळतो त्यात हे दिसते: ‘बीएचसी’नंतर ‘एएस’ आले तर मुंबईची अपील शाखा, ‘एयूजी’ म्हणजे जुने औरंगाबाद, ‘एनएजी’ म्हणजे नागपूर. पुष्कळ जण फक्त मुंबईचे निकाल शोधतात आणि थांबतात. बांध-रस्त्याचे, फेरफाराचे, तुकडेबंदीचे कितीतरी उपयोगी निकाल मराठवाड्यातून आणि खानदेशातून आलेले, म्हणजे ‘एयूजी’ खाली असतात. उच्च न्यायालय एकच आहे, खंडपीठ कुठलेही असो, तो निकाल आपल्या तहसील कचेरीतही वाचून दाखवता येतो.

तटस्थ क्रमांकाने आणखी एक मोठे काम केले आहे. पूर्वी एकाच निकालाला चार प्रकाशकांची चार सायटेशन असत, आणि ज्याच्याकडे त्या प्रकाशकाचा खंड नाही त्याला तो निकाल असून नसल्यासारखा. आता न्यायालय स्वतःच क्रमांक देते. तो घ्या, फुकटच्या कुठल्याही ठिकाणी टाका, निकाल उघडतो.

भाषेबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण इथे फुकट असूनही दार अर्धेच उघडे आहे. खालच्या कोर्टात आपण मराठीत दावा टाकतो, मराठीत साक्ष देतो, पुष्कळदा हुकूमही मराठीत मिळतो. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. म्हणजे जो निकाल आपल्याला बांधतो, तोच वाचता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सुवास’ हे अनुवादाचे सॉफ्टवेअर आणले, आणि आज सर्वोच्च तसेच मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळांवर निवडक निकाल मराठीत मिळतात. ही फार मोलाची गोष्ट आहे. विनीता शर्माच्या निकालातला मुद्दा बाईंना मी मराठीत सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “मला वाचता आलं असतं तर मी भावाला तिथंच सांगितलं असतं.” पण अनुवाद समजून घेण्यासाठी आहे, कोर्टात प्रमाण मूळ इंग्रजीच. यंत्राला न्यायालयाची बोली कळत नाही. ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपील चालवायला परवानगी दिली; यंत्राने त्याचे ‘रजा मंजूर’ केले तर शेतकऱ्याने काय समजायचे? अशा जागी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश उघडावा. तो छापील होता, आता शासनाच्या परिभाषा कोशांबरोबर इंटरनेटवरही आहे. यंत्राचा अनुवाद आणि हा कोश शेजारी ठेवून वाचले की बराच अंधार दूर होतो.

आता तपासण्याबद्दल. निकाल सापडला की तीन गोष्टी पाहायच्या. तो कोणत्या न्यायालयाचा आणि किती न्यायमूर्तींचा; त्यात तपासलेला कायदा आज तसाच आहे का; आणि पुढच्या निकालांनी त्याचे काय केले. तिसऱ्यासाठी ‘इंडियन कानून’वर निकालाच्या वरच एक यादी असते, हा निकाल पुढे कोणी कोणी उद्धृत केला याची. ती उघडायची आणि सर्वोच्च न्यायालयाचे सर्वांत अलीकडचे निकाल आधी वाचायचे. भावाने तेवढे केले असते तर विनीता शर्मा त्याच्या समोर आली असती.

दुसऱ्या गोष्टीला अलीकडे फार महत्त्व आले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमे होती, ३५८ झाली. गावात अजून ‘चारशेवीस’ म्हणतात, पण नव्या संहितेत फसवणुकीचे ते कलम ३१८ आहे, आणि खुनाचे ३०२ आता १०३ झाले आहे. तरीही १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला गुन्हा जुन्याच संहितेखाली चालतो. म्हणजे पुढची कित्येक वर्षे दोन्ही पुस्तके उघडी ठेवावी लागणार. शोधताना कलमाच्या क्रमांकाबरोबर गुन्ह्याचे नाव टाकावे, नाहीतर अर्धेच निकाल हाती लागतात.

आणि एक इशारा, जो या पुस्तिकेच्या आधीच्या खर्ड्यात नव्हता. हल्ली पोरे कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारतात, ‘माझ्या बाजूचा निकाल दे.’ ती देते. पक्षकारांची नावे, साल, सायटेशन, सगळे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात दोन वकिलांनी असे निकाल दाखल केले, आणि ते निकाल कधी झालेच नव्हते असे उघड झाले. माता विरुद्ध एव्हियांका या प्रकरणात त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. यंत्राकडून नाव घ्यायला हरकत नाही, पण ते नाव ई-एससीआरवर किंवा उच्च न्यायालयाच्या पानावर स्वतः उघडून पाहिल्याशिवाय कोणाच्याही हातात द्यायचे नाही. तुमच्या हातात न्यायालयाची पीडीएफ नसेल तर तुमच्या हातात निकाल नाही.

हे सगळे वाचून वकिलाची गरज संपते, असे मी म्हणणार नाही, आणि पुस्तिका तयार करणाऱ्यांनीही तसे कुठे म्हटलेले नाही. कलम माहीत असणे आणि पुरावा उभा करणे यात मोठे अंतर आहे. फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चे कलम १२ वाचावे: स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन करायचा. त्या बाईंनाही हे माहीत नव्हते, आणि त्या पहिल्या दिवशी फीसाठी अंगठी गहाण ठेवायचा विचार करून आल्या होत्या.

पुस्तिकेच्या शेवटची आठ पाने कोरी, तीन रकाने आखलेली ठेवली आहेत: काय सापडले, कुठे सापडले, कोणत्या तारखेला पाहिले. संकेतस्थळांचे पत्ते बदलतात, निकाल फिरतात, कलमांना दुरुस्त्या होतात, तेव्हा तारीख नसलेल्या छापील पानावर भरवसा ठेवता येत नाही. माझ्या हातातल्या कच्च्या प्रतीत पहिली ओळ मी भरली आहे. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, ई-एससीआर, आणि आजची तारीख. खाली जागा सोडली आहे. पुढच्या तारखेला कोर्टात जाण्याच्या आदल्या रात्री ते पुन्हा उघडून पाहीन.

नांदगाव, जिल्हा नाशिक